भिंतीतल्या काचा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक पुठ्ठा मिळाला. वीतभर लांब, कडा कुरतडलेल्या, आणि वर जवळजवळ सारखेच दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. स्टिरिओस्कोप नावाच्या दुर्बिणीसारख्या साधनात असे पुठ्ठे घालून बघायचे असतात. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी दृश्यं दिसतात आणि चित्राला खोली येते. या पुठ्ठ्यावर पांढराशुभ्र डोंगर होता आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक काळी रेघ, साखरेच्या ढिगाला मुंग्या लागाव्यात तशी. भिंग लावल्यावर त्या मुंग्यांना पाय फुटले, पाठी दिसल्या, पाठीवरची ओझी दिसली. विक्रेता म्हणाला, "अमरनाथ आहे साहेब, जुनं." मी दीडशे रुपये दिले. मागचा इंग्रजी मजकूर बराचसा उडालेला होता. त्यातला एकच शब्द धड वाचता आला : चिलकूट.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका सहकारी बँकेत कारकुनी केली. फोटोंचं वेड मात्र घरचं. वाईला आजोबांचा स्टुडिओ होता आणि हायपोच्या वासात माझं लहानपण गेलं. त्या एका शब्दामागे मी लागलो तो असा. युकॉनला मी गेलेलो नाही, जाईन असंही वाटत नाही. परदेशी विद्यापीठांनी आणि अभिलेखागारांनी सर्वांसाठी खुले केलेले संग्रह, काही पुस्तकं आणि आजोबांची रसायनांची वही, एवढ्या शिदोरीवर हा लेख उभा आहे.

आधी थोडक्यात हकिकत. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, अलास्काच्या सीमेजवळ, युकॉन नदीला क्लोंडाइक ही नदी येऊन मिळते. तिच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यात १६ ऑगस्ट १८९६ रोजी सोनं सापडलं. सापडलं तेव्हा तिथे जॉर्ज कारमॅक हा गोरा माणूस होता, त्याची तागिश वंशाची बायको शाउ त्ला होती, तिचा भाऊ कीश आणि भाचा कागू होते. पहिलं सोनं नक्की कोणाच्या हाताला लागलं याबद्दल वेगवेगळ्या कथा आहेत. हक्काची पहिली नोंद मात्र कारमॅकच्या नावाने झाली. बाहेरच्या जगाला बातमी कळायला वर्ष लागलं. १७ जुलै १८९७ला 'पोर्टलंड' ही आगबोट सोनं घेऊन सिएटलच्या धक्क्याला लागली आणि अमेरिका वेडी झाली. १८९३पासून मंदीने गांजलेला तो देश. नोकऱ्या गेलेले, बँका बुडालेल्या. अंदाजे एक लाख माणसं निघाली, त्यांतली तीस-चाळीस हजार पोहोचली. पोहोचेपर्यंत चांगले ओढे आधीच्यांनी वाटून घेतले होते.

या लोंढ्याबरोबर कॅमेरेही निघाले. उत्तरेतल्या गोल्ड रशची ही सर्वाधिक टिपली गेलेली घटना. त्याचं कारण काळात आहे. १८४९च्या कॅलिफोर्नियाच्या वेळी फोटो काढणं म्हणजे चांदीच्या पत्र्यावर एकेक प्रतिमा घडवणं होतं. पुढे काचेवर ओलं रसायन पसरून ती ओली असतानाच वापरावी लागे. क्लोंडाइकपर्यंत कारखान्यात तयार झालेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या होत्या. खोक्यातून काच काढा, कॅमेऱ्यात घाला, फोटो घ्या, सवडीने धुवा. हौशी लोकांसाठी कोडॅकचे रोळवाले कॅमेरेही आले होते. पण धंदेवाईक फोटोग्राफर मोठ्या काचेलाच धरून होता, कारण मोठ्या काचेवरचा बारकावा रोळाला साधत नसे.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो एरिक हेग. जन्म १८६७, स्वीडनमधला. लहानपणीच अमेरिकेत आला, फोटोचा धंदा शिकला, वॉशिंग्टन राज्यात समुद्रकाठच्या गावात स्टुडिओ थाटला. १८९७मध्ये तो स्टुडिओ सोडून उत्तरेला गेला. सोनं खणायला जाणाऱ्यांचे फोटो काढून विकायचे, हा त्याचा साधा हिशेब. घाटाच्या वाटेवर त्याने आपलं सामान वाहणारी घसरगाडी ओढायला बोकड जुंपले होते. त्या बोकडांचाही फोटो आहे. माणसं रांगेत उभी, पुढे दाढीवाले बोकड, मागे गाडीवर कॅमेऱ्याचं सामान. लग्नाच्या वरातीत चुकून शिरल्यासारखे ते बोकड कॅमेऱ्याकडे बघतात.

त्या थंडीत काचेवर काम करणं म्हणजे काय, हे मला आजोबांच्या वहीमुळे उमगलं. आठ बाय दहा इंचांच्या डझनभर काचांचं वजन अडीच-तीन किलो भरतं. वर तिपाई, लाकडी कॅमेरा, बशा, बाटल्या. काच धुवायला पाणी लागतं आणि तिथे पाणी म्हणजे बर्फ. तो वितळवायला लाकूड जाळायचं, लाकूड आणायला माणूस. गार कॅमेरा उबदार तंबूत आणला की भिंगावर दव धरतं. आणि रसायन! वहीत एका पानावर आजोबांनी लिहून ठेवलंय : 'डिसेंबरात हायड्रोक्विनोन झोपतं. बशी गरम पाण्याच्या परातीत ठेवावी.' वाईच्या डिसेंबरात झोपणारं रसायन उणे तीस-चाळीसमध्ये काय करत असेल? तरीही हेगच्या काचा इतक्या धारदार आहेत की कोटाची बटणं मोजावीत.

आता पुन्हा त्या रांगेकडे.

अलास्कातल्या डाये या किनाऱ्यावरच्या वस्तीतून बेनेट सरोवरापर्यंतची चिलकूट घाटाची वाट सुमारे ५३ किलोमीटर. वाटेत शेवटचा चढ जवळजवळ ४५ अंशांचा. हिवाळ्यात बर्फात सुमारे दीड हजार पायऱ्या खोदल्या होत्या. माथा सुमारे १,०६७ मीटर. उंची आपल्या महाबळेश्वरहूनही कमी, पण समुद्रसपाटीपासून सुरुवात आणि अंगावर हिमवादळ. माथ्यावर कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांची चौकी होती. मागच्या हिवाळ्यात डॉसन गावात उपासमारीची वेळ आली होती, म्हणून त्यांनी नियम केला : वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री असेल त्यालाच आत सोडायचं. अन्न, तंबू, हत्यारं, भांडी मिळून प्रत्येकाचं ओझं साधारण एक टन व्हायचं, म्हणजे नऊशे किलो.

माझ्यातल्या कारकुनाने इथे कागद पुढे ओढला. माणूस एका वेळी तीस किलो घेऊन चढला तर नऊशे किलोला तीस खेपा. प्रत्येक खेप वर नेऊन ठेवायची, बर्फात काठी रोवून खूण करायची आणि पुढची आणायला खाली यायचं. उतरताना लोक फावड्यावर किंवा थेट बुडावर बसून घसरत. संपूर्ण वाट याच पद्धतीने पायी केली असं धरलं तर तीस वेळा जाणं आणि एकोणतीस वेळा परतणं, म्हणजे ३,१२७ किलोमीटर. सपाटीवर घसरगाडी वापरून बरेच जण खेपा कमी करत, पैसेवाले हमाल लावत, १८९८च्या वसंतात दोरावरचे पाळणेही सुरू झाले. पण शेवटच्या चढावर गरिबाला पाठीशिवाय काही नव्हतं.

हे गणित मांडल्यावर फोटो बदलतो. तोवर मी ती रांग शेकडो माणसांची म्हणून बघत होतो. आता लक्षात येतं की यातला प्रत्येक जण इथे पंधराव्यांदा, बाविसाव्यांदा, कदाचित पहिल्यांदा उभा आहे. हेगने उद्या पुन्हा कॅमेरा लावला तर त्यातले बरेचसे तेच असतील. गर्दी दिसते ती माणसांची जितकी, तितकीच खेपांची. रांगेतून विसाव्यासाठी बाजूला झालं तर पुन्हा शिरायला तासन्‌तास मिळत नसे, म्हणून सगळे एका पावलाने चालत. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते आणि मिटते. तेवढ्यात जे मावतं ते साहस दिसतं. तीस वेळा तेच करण्यातला कंटाळा, गुडघे, रडू फोटोत येत नाही.

हा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे, फक्त हलताना. १९२३मध्ये चार्ली चॅप्लिन आपल्या मित्राच्या, डग्लस फेअरबँक्सच्या घरी न्याहारीला गेला असताना स्टिरिओस्कोपचे असेच पुठ्ठे बघत बसला होता. त्यांत चिलकूटची रांग होती. तिथून त्याला 'द गोल्ड रश' सुचला, असं त्यानेच आत्मचरित्रात सांगितलंय. १९२५च्या त्या चित्रपटाच्या सुरुवातीला बर्फातून चढणारी जी रांग आहे ती कॅलिफोर्नियातल्या ट्रकीजवळच्या डोंगरात उभी केली होती आणि त्यासाठी शेकडो बेघर, भटके लोक आगगाडीने आणले होते. मंदीच्या मारामुळे उत्तरेकडे निघालेल्यांची भूमिका पंचवीस वर्षांनंतर दुसऱ्या रिकाम्या पोटांनी केली. आमच्या गावच्या टूरिंग टॉकीजमध्ये त्या रांगेवर आम्ही पोरं पोट धरून हसलो होतो. ती हसण्यासारखी आहे असं कोणी सांगितलं होतं, आठवत नाही. चॅप्लिन तर अजून पडद्यावर यायचाच होता.

फोटोत काय येत नाही याची एक गंमत रसायनात आहे. त्या काळची साधी काच निळ्या प्रकाशाला हपापलेली असे. पिवळा आणि लाल तिला जवळजवळ दिसत नसत. म्हणून जुन्या फोटोंतलं आभाळ कोरं, ढगांशिवाय असतं. म्हणूनच गोऱ्या माणसांचे उन्हाने रापलेले लाल चेहरे काजळी फासल्यासारखे दिसतात. आणि सोनं? साध्या काचेवर ते चकाकलं नाही तर काळपट उमटतं. तबकात दगडगोट्यांशेजारी सोनं ठेवून काढलेले फोटो मी तासन्‌तास पाहिलेत. वाळू कुठली आणि सोनं कुठलं, ते फोटोखालची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

उलट ज्याच्यासाठी कॅमेरा लावला नव्हता ते त्या काचांनी निमूट टिपून ठेवलंय. बोनान्झा ओढ्याकाठचे फोटो घ्या. खाणकऱ्यांना आपला रुबाब हवा होता. ते लाकडी पन्हळींजवळ कमरेवर हात ठेवून उभे आहेत. पण मागचे डोंगर बघा, सगळे बोडके. तिथली जमीन बारमाही गोठलेली. ती वितळवायला शेकोट्या पेटवायच्या, वितळलेली माती उपसायची, पुन्हा शेकोटी. असं हिवाळाभर खाली जात राहायचं आणि बर्फ वितळल्यावर ढिगारा पाण्याने धुऊन सोनं वेगळं करायचं. त्या शेकोट्यांना, पन्हळींना, झोपड्यांना अख्खं जंगल लागलं. फोटोच्या कडेला राहिलेले बुंधे कोणी मुद्दाम टिपले नव्हते. तेच आज पुरावा आहेत.

तिथल्या मूळच्या माणसांबद्दल मात्र काच इतकी उदार नाही. चिलकूटची वाट त्लिंगिट लोकांची. पिढ्यान्‌पिढ्या तो त्यांचा व्यापारी मार्ग होता आणि गोल्ड रशच्या सुरुवातीला कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर ओझी वाहणारे हमाल तेच होते, बायका आणि पोरंसुद्धा. त्यांचे फोटो आहेत, पण खाली नाव नाही. 'इंडियन हमाल' एवढंच. गोऱ्यांच्या फोटोखाली कधीकधी कुत्र्याचंही नाव असतं.

खुद्द 'क्लोंडाइक' हा शब्द 'ट्रॉन्डेक'चा अपभ्रंश. त्या नदीच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा साल्मन मासे धरण्याचा तळ होता. सोन्याच्या लोंढ्यात तो त्यांना सोडावा लागला आणि प्रमुख आयझॅक आपल्या लोकांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर मूसहाइड इथे गेला. आयझॅकचे फोटो डॉसनच्या स्टुडिओंनी हौसेने काढले, विकले. पण त्याने केलेली सर्वांत मोठी गोष्ट कुठल्याच काचेवर नाही. नव्या वस्तीच्या रेट्यात आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून त्याने ते अलास्कातल्या नातलगांकडे ठेवायला दिले. एका शतकाने ते त्यांच्या वंशजांना परत मिळाले. या सगळ्या परिसराला २०२३मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, ते 'ट्रॉन्डेक-क्लोंडाइक' या जोडनावाने.

नावाचा प्रश्न फोटोग्राफरांनाही सुटला नाही. ॲसाहेल कर्टिस हा तरुण सिएटलहून काचा घेऊन घाटांत गेला. त्याने धाडलेले फोटो मार्च १८९८च्या 'सेंच्युरी' मासिकात झळकले ते त्याच्या मोठ्या भावाच्या नावाने. स्टुडिओ माझा, म्हणून काचाही माझ्या, हा भावाचा युक्तिवाद. दोघांचं फाटलं ते कायमचं. तो मोठा भाऊ म्हणजे पुढे 'द नॉर्थ अमेरिकन इंडियन' या वीस खंडांमुळे जगप्रसिद्ध झालेला एडवर्ड कर्टिस. इतरांचे हरवत चाललेले चेहरे जपणारा म्हणून त्याची कीर्ती आहे, आणि ती खोटी नाही. तरीही ते खंड चाळताना मला घाटात कुडकुडणारा धाकटा आठवतो.

हेगचंही तसंच झालं. १८९९मध्ये पश्चिम अलास्कातल्या नोमला सोनं निघाल्याची बातमी आली आणि डॉसन रिकामं होऊ लागलं. हेगही निघून गेला. काचा मागे राहिल्या. त्याच्याबरोबर काम केलेल्या पेर एडवर्ड लार्सने जोसेफ ड्युक्लोशी भागीदारी करून डॉसनमध्ये स्टुडिओ चालवला. धंद्यात काचांबरोबर नावंही हस्तांतरित होत. त्यामुळे त्या काळचा फोटो पाहताना खालच्या सहीवर मी एकदम विश्वास ठेवत नाही.

मग बरीच वर्षं हेगच्या त्या काचांचं नावही कोणी काढलं नाही. पुढे डॉसनमधल्या एका जुन्या लाकडी घराच्या भिंतीत शेकडो काचा सापडल्या. सांगतात ते असं. त्या घरातल्या बाईला भाजीपाल्यासाठी काचेचं उबघर बांधायचं होतं. काचा आयत्याच मिळाल्या होत्या, फक्त त्यांवरचा काळा थर निघत नव्हता. ती ज्या दुकानात काम करायची तिथल्या मालकाला तिने विचारलं, हा थर कशाने जातो? त्याने काच उजेडात धरली आणि बदल्यात तिला कोऱ्या काचा देऊ केल्या.

ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी संगणक बंद करून बाहेर जाऊन बसलो.

कारण तो थर कशाने जातो हे मला माहीत होतं. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा, काच त्यात बुडवायची, दहा मिनिटांत जिलेटिन सुटतं. राहिलेलं पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं. १९७९च्या उन्हाळ्यात मी हे केलंय. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. स्टुडिओची जागा सोडायची होती. फुल प्लेट, हाफ प्लेटच्या लाकडी पेट्या माळ्यावर भिंतीशी रचलेल्या होत्या, आणि गावातला एक फ्रेमवाला देवांच्या तसबिरींसाठी काचा घ्यायला तयार होता. स्वच्छ केलेल्या काचेमागे घरून मला पाच पैसे मिळत. पाण्याचा रंग राखाडी व्हायचा. बुडवण्याआधी मी काच उन्हात धरून बघत असे : काळ्या दातांची नवरी, पांढऱ्या केसांचं बाळ, काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा टक्कलवाला. गंमत वाटायची. मग बुडवायची. किती केल्या ते मोजलं नाही. महिनाअखेर क्रिकेटची बॅट आली, एवढं आठवतं.

डॉसनच्या काचांचं नशीब निराळं. ओटावातल्या अभिलेखागारात कॉलिन लो या दिग्दर्शकाच्या त्या नजरेस पडल्या. वुल्फ कोनिगबरोबर त्याने १९५७मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी 'सिटी ऑफ गोल्ड' हा लघुपट केला. निवेदन पियर बर्टनचं. तो डॉसनमध्येच वाढलेला, आणि त्याचे वडील १८९८मध्ये चिलकूट चढून आलेले. लघुपटाच्या सुरुवातीला आजचं डॉसन दिसतं : उन्हात बसलेले म्हातारे, बेसबॉल खेळणारी मुलं. मग पडदा हेगच्या फोटोंमध्ये शिरतो. स्थिर फोटोवरून कॅमेरा इतक्या हळुवारपणे सरकतो, एखाद्या चेहऱ्याजवळ जातो, थांबतो, की फोटो जिवंत होतात. त्यासाठी कॅमेऱ्याच्या हालचाली आखून देणारं साधन रोमन क्रॉयटरने मुद्दाम बनवलं होतं. लघुपटाला कान महोत्सवात पारितोषिक मिळालं. जुन्या फोटोंवरून कॅमेरा फिरवण्याची जी तऱ्हा आज प्रत्येक माहितीपटात दिसते आणि अमेरिकेच्या केन बर्न्सच्या नावाने ओळखली जाते, तिचं ऋण त्याने स्वतः या लघुपटाला दिलंय.

मी तो पाहतो तेव्हा एका जागी थांबवतो. चिलकूटची रांग येते, कॅमेरा वर वर सरकत जातो. मी शोधतो ते रांगेबाहेर बर्फात टेकलेले दोन-तीन जण. ओझं न उतरवता बसलेले. तीसपैकी त्यांची ती कितवी खेप होती?

आमच्या देवघरात दत्ताची एक तसबीर आहे, त्याच फ्रेमवाल्याकडची. गेल्या श्रावणात मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली म्हणून मी ती उघडली. चौकटीच्या लाकडाखाली झाकलेल्या काचेच्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी खरवडायची राहून गेली होती. उजेडात धरली. वेताच्या खुर्चीचा मागचा पाय दिसला, आजोबांच्या स्टुडिओतल्या, आणि त्याला लागून नऊवारीच्या काठाचा एक कोपरा. काठावर रुईफुलं होती. मी नवा पुठ्ठा कापला आणि काच तशीच, त्याच बाजूने पुन्हा बसवली.